आठ वाव दोर

त्या रात्री वादळ नव्हतं. आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो. माघ वद्य द्वितीया, फेब्रुवारीतलं कोरडं आकाश, पेपर वाचता येईल असं चांदणं. आमची बावीस फुटी, दुसऱ्यांदा विकली गेलेली शिडाची होडी रात्री २ वाजून २० मिनिटांनी खांदेरीच्या खडकावर चढली, तेव्हा समुद्रात भीती वाटावी असं काही नव्हतंच. होतो ते आम्ही दोघं. पाच दिवसांचा वर्ग, बंदराच्या आतल्या आत मारलेल्या अकरा फेऱ्या आणि मुरूडपर्यंत रात्रभर शिडाने जायची हौस.

खालच्या वेळा आम्ही नंतर जेवणाच्या टेबलावर बसून, फोनमधले फोटो आणि आठवणी जुळवून मांडल्या. जिथे एकमत झालं नाही तिथे माझं खरं धरलंय. लिहिणारी मी आहे.

दुपारी १:३० (उरले १२ तास ५० मिनिटं)

गेटवेच्या समोर, नांगरलेल्या होड्यांच्या गर्दीत आमची होडी. पूर्ण भरती. कोळ्यांचा हिशेब साधा असतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. द्वितीया, म्हणजे दोन गुणिले पाऊण, दीड. घड्याळात दीडच वाजले होते आणि नवऱ्याने हा हिशेब मला इतक्या कौतुकाने सांगितला, जणू समुद्र त्याच्याच सांगण्यावरून चढला होता.

होड्यांवर लक्ष ठेवणारे नाखवा मूळचे थळचे. सामान चढवताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली मला: "ताई, उधानाचं पानी हाय. भांगाला जावा ना, अष्टमीला. पानी शांत असतं." दुसरी नवऱ्याला: "खांदेरीच्या भायरनं जा साहेब, आतनं नको."

अष्टमी मधल्या वारी येत होती आणि आमच्या दोघांच्या रजा शनिवार-रविवारला जोडलेल्या. समुद्राने चंद्राचं पंचांग धरावं आणि आम्ही ऑफिसचं, यात चूक कुणाची हे आता वेगळं सांगायला नको.

सामान मी लावलं. पाण्याचे कॅन, भाकऱ्या, चटणी, दोन गोधड्या, औषधाची पिशवी. तीस मीटरचा जास्तीचा दोर लागणार नाही म्हणून डाव्या बाकाखालच्या कप्प्यात सगळ्यात तळाशी टाकला. त्यावर कॅन, त्यावर फळी, फळीवर गादी.

दुपारी २:१५ (१२ तास ५ मिनिटं)

निघालो. ओहोटी सुरू झाली होती, वायव्येचा खारा वारा भरत होता. फोनवरच्या नकाशात वेग दिसला सहा नॉट. आमची होडी चारच्या वर जात नाही हे आम्हाला माहीत होतं, तरी दोघांनी एकमेकांकडे पाहून भुवया उंचावल्या. वरचे दोन नॉट सुकतीचे होते. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाणी चार मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं. एवढं पाणी बंदराच्या तोंडातून सहा तासांत बाहेर पडतं, तेव्हा रिकामं पिंपसुद्धा वेगात जातं. आम्हाला वाटलं, शीड जमलं.

डावीकडे न्हावाशेवाकडे निघालेलं कंटेनर जहाज. त्याला थांबायलाही मैल लागतात, म्हणून आम्ही बाजूला झालो. उजवीकडे प्राँग्जचा दांडा, टोकाला १८७५ सालचा दीपस्तंभ. मग मोकळा समुद्र.

दुपारी ४:००

भाकरी, लसणाची चटणी. मला थोडं मळमळलं. बाकी काही नाही.

संध्याकाळी ५:५० (साडेआठ तास)

खांदेरी समोर आली. मुंबईपासून वीसेक किलोमीटर दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोरचं बेट. तिच्यावर दीपगृह, कोळ्यांचा वेताळ, आणि दगड मारला की धातूच्या भांड्यासारखा वाजणारा एक खडक. शेजारी किनाऱ्याच्या बाजूला उंदेरी.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीला तट घालायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी ती वेढायला जहाजं पाठवली. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हलक्या होड्या रसद घेऊन निसटत राहिल्या, कारण वारा पडला की इंग्रजांची शिडं लोंबायची आणि मराठ्यांची वल्ही चालू राहायची. हे मी आदल्या आठवड्यात वाचलं होतं आणि सुकाणूवर बसून नवऱ्याला रंगवून सांगत होते. वारा पडला तर शिडाचं काय होतं, हे आम्ही इतिहास म्हणून ऐकत होतो.

"आतून गेलो तर तट जवळून दिसेल," मी म्हटलं.

त्याला नाखव्यांचं वाक्य आठवलं, हे त्याने नंतर कबूल केलं. तेव्हा तो म्हणाला, "तुला बघायचंय ना? मग जाऊ."

संध्याकाळी ६:४० (७ तास ४० मिनिटं)

सूर्य बुडाला, वारा मंदावला, इंजिन सुरू केलं. खांदेरी आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात डोलजाळी लावलेली असतात. तोंड प्रवाहाकडे करून बांधलेली, भरती-ओहोटीच्या ओढीवर मासळी गोळा करणारी. पाणी वाहतं असताना जाळ्यांचे दोर ताणलेले असतात. पाणी थांबत आलं की सैल पडून वर तरंगतात. ओहोटीचं टोक सव्वासातचं. म्हणजे दोर वर यायची वेळ नेमकी हीच.

खट्ट असा आवाज झाला आणि इंजिन रिकामं गरगरलं.

आउटबोर्डच्या पंख्यात एक पितळी काडी असते, शिअर पिन. काही अडकलं तर आतलं गिअर वाचावं म्हणून ती मुद्दाम तुटायलाच बनवलेली असते. तिने तिचं काम केलं. सुटी पिन आमच्याकडे होती: घरी, देव्हाऱ्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये.

पंख्याभोवती गुंडाळलेला हिरवा दोर नवऱ्याने सुरीने कापला. कुणाच्या तरी जाळ्याचा दोर. मी म्हटलं, "अरे, कापू नकोस, सोडव." तो पाण्यावर अर्धा वाकलेला, अंधार पडत आलेला. "तू येऊन सोडव मग." कापला. त्यावरून आम्ही जे बोललो ते इथे देत नाही. पण त्या भांडणाचा पुढच्या सगळ्याशी संबंध आहे, म्हणून त्याची नोंद.

संध्याकाळी ७:३० (६ तास ५० मिनिटं)

वारा पूर्ण पडला. खांदेरीच्या पूर्वेला, खडकांपासून दोनशे मीटरवर नांगर टाकायचं ठरलं. वायव्येच्या वाऱ्याला बेटाचा आडोसा, म्हणजे जागा उत्तम. नवऱ्याने शिशाचं वजन बांधलेली दोरी टाकून खोली मोजली. चार मीटर. नांगराचा दोर खोलीच्या निदान चौपट सोडावा असं वर्गात शिकवलं होतं, पाचपट असेल तर बरं. चार चोक सोळा. नांगराला बांधलेला दोर पंधरा मीटर होता, पुढे दोन मीटर साखळी. "झालं की," तो म्हणाला, आणि मीही मान डोलावली.

दोर पाण्यात तिरका पडून राहिला तर नांगर आडवा ओढला जातो आणि चिखलात रुततो. दोर उभा झाला की नांगर वर उचलला जातो, मातीतून मुळा उपटावा तसा. चौपट-पाचपट कशासाठी, तर तो तिरकेपणा राहावा म्हणून. हे आम्हाला माहीत होतं. आपण मोजलं ते ओहोटीच्या तळाचं पाणी आहे आणि दीड वाजेपर्यंत त्यावर आणखी चार मीटर चढणार आहेत, हेही माहीत होतं. दुपारी त्याचं कौतुक करूनच तर निघालो होतो. दोन माहित्या एकाच डोक्यात, शेजारी शेजारी, एकमेकींना न भेटता.

मी म्हटलं, नाखव्यांना फोन करू. थळ समोर दिसतंय, त्यांचा पुतण्या तिथेच असतो. तो म्हणाला, "उगाच कशाला. हसतील."

रात्री ८:१५

चंद्र उगवला, थळच्या माडांमागून, तांब्याच्या परातीसारखा. दीपगृहाचा झोत डोक्यावरून फिरत होता. फोनमध्ये या वेळचे चौदा फोटो आहेत. एकाही फोटोत आम्ही दोघं एकत्र नाही.

रात्री १०:००

दोन-दोन तासांचा पहारा ठरला. आधी तो झोपणार. तो डाव्या बाकावर आडवा झाला.

रात्री ११:०० (३ तास २० मिनिटं)

मी पुढे जाऊन दोराला हात लावला. संध्याकाळी तो लांबवर जाऊन पाण्यात शिरत होता. आता नाळेच्या जवळच, जवळजवळ सरळ खाली जात होता. वारा नव्हता, म्हणून ताण नव्हता. होडी नांगराच्या वजनावरच उभी होती, दोराच्या टोकाला बांधलेल्या म्हशीसारखी, जिने अजून ओढून पाहिलेलं नाही.

जास्तीचा दोर जोडावा असं मनात आलं. खरंच आलं. तो दोर डाव्या बाकाखाली होता. बाकावर नवरा.

त्याला उठवायचं, गादी काढायची, फळी उचलायची, कॅन बाहेर ठेवायचे. तासाभरापूर्वी घुश्शात झोपलेल्या माणसाला म्हणायचं की दोर कमी पडतोय, म्हणजे तुझा हिशेब चुकला. आणि तो म्हणणार, दोर तळाशी कुणी ठेवला? मी दोरावर हात ठेवून दोन-तीन मिनिटं उभी राहिले. मग मागे येऊन बसले. झोपू दे म्हटलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की कुठला विषय काढायचा नाही हे हाताला कळतं, डोक्याला विचारावंही लागत नाही.

मध्यरात्री १२:०० (२ तास २० मिनिटं)

त्याला उठवलं. जाता जाता म्हटलं, "दोर जरा उभा वाटतोय."

त्याने टॉर्च मारून पाहिलं. "भरती आहे ना," तो म्हणाला.

कारण अगदी बरोबर होतं. त्याने ते उच्चारलं, मी ऐकलं, आणि मी त्याच बाकावर, त्याच गादीवर, त्याच दोरावर झोपले.

रात्री १:३० (५० मिनिटं)

मी झोपेत. पुढचं त्याच्या तोंडून. पाणी थांबलं. होडी कुठेच तोंड करेना, हळूहळू स्वतःभोवती फिरत राहिली. संध्याकाळी दिसणारे खडकांचे काळे दात आता पाण्याखाली होते, त्यामुळे बेट लांब गेल्यासारखं वाटत होतं. चार मीटरचे सव्वाआठ मीटर झालेले. पंधरा मीटर दोर, म्हणजे दुप्पटही नाही.

रात्री १:५० (३० मिनिटं)

त्याला आधी वास आला. वाळलेलं गवत, शेकोटी, कुठेतरी पेंढा जळाल्याचा. मग मानेवर गार झुळूक. किनाऱ्याकडून.

खारे वारे आणि मतलई वारे, फरक स्पष्ट करा. महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाने हे उत्तर लिहिलेलं आहे, बहुतेकांनी आकृतीसह. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून जमिनीकडे. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे. नवऱ्याला भूगोलात नेहमी चांगले गुण असत, हे सासूबाईंनी मला अनेकदा सांगितलेलं आहे. हिवाळ्यात या किनाऱ्यावर उत्तररात्री मतलई सुटतो, हे कोळ्यांच्या पोराला परीक्षा न देता कळतं. वाऱ्याची दिशा फिरली की आडोसा हा आडोसा राहत नाही. जे बेट आठ वाजता आम्हाला पाठीशी घालत होतं, तेच आता वाऱ्याच्या वाटेत, आमच्या मागे उभं होतं.

होडी फिरली. तोंड थळकडे, पाठ खडकांकडे. दोर पहिल्यांदा ताणला.

रात्री २:०५ (१५ मिनिटं)

किनाऱ्यावरचा एक दिवा आणि उंदेरीची कड त्याने एका रेषेत धरून ठेवली होती. हेही वर्गातलंच: दोन खुणा एका रेषेत धरा, सरकल्या तर तुम्ही सरकताय. खुणा सरकल्या. तो म्हणतो, त्याने आधी डोळे चोळले. मग दोराला हात लावला. दोर थरथरत होता, तळावरून काहीतरी खरवडत चालल्यासारखा.

"ऊठ! नांगर सुटला!"

रात्री २:०९

शीड उभारायचं की दोर जोडायचा? दोघांनी एकदम दोन वेगळी कामं सुरू केली. तो मुख्य शिडाच्या वेष्टणाशी झटत होता. त्याची चेन मी संध्याकाळी नीट लावून, वर दोन गाठीही मारल्या होत्या, फडफडू नये म्हणून. मी गादी फेकली, फळी उपटली, पहिला कॅन काढला, दुसरा काढला. औषधाची पिशवी. गोधडी, ती कुठून आली कळलं नाही. तळाला दोर.

रात्री २:१४

दोराचं एक टोक सापडलं. नांगराचा दोर नाळेवरच्या खुंटीला ताणलेला. त्याला नवा दोर जोडायचा तर आधी गाठ बांधायची आणि मग जुना सोडायचा. दोन दोर जोडायची गाठ मला येत होती. वर्गात डोळे मिटून बांधली होती. आता डोळे उघडे होते, चांदणंही होतं, आणि बोटं कुणा दुसऱ्याची.

मागे पाण्याचा आवाज बदलला. खडकावरून पाणी ओघळतं तेव्हा ते घोट घेतल्यासारखा आवाज करतं.

रात्री २:१८

गाठ झाली. जुना दोर सैल सोडला, नवा सरसर सुटू लागला. तिरका होऊ लागला. आणखी वीस मीटर मागे जागा असती, तर नांगर रुतला असता. असं नवरा म्हणतो. मला त्याच्या हिशेबांविषयी आता काही म्हणायचं नाही.

रात्री २:२०

पहिल्यांदा सुकाणू बसलं. मग तळ. मोठा आवाज नाही. लाकडी कपाट फरशीवरून ओढावं तसा, पण पायांच्या आत ऐकू येणारा. लाट आली, होडीला उचलून आणखी वर ठेवून गेली. दुसरी लाट आली आणि ठेवून गेली. मग होडी हलायची थांबली. समुद्रात ही गोष्ट इतकी विचित्र वाटते की आम्ही दोघंही उभे राहून पुढच्या हलण्याची वाट पाहत होतो.

ओहोटीत खडकावर बसलेली होडी पुढच्या भरतीला सुटू शकते. भरतीच्या टोकावर चढलेली सुटत नाही. पाणी तिला वर ठेवतं आणि निघून जातं. त्यातून हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा उंच असते. त्या वद्य द्वितीयेला पाणी जितकं चढायचं तितकं चढून गेलं होतं, आणि पन्नास मिनिटांपूर्वीच उतरायला लागलं होतं.

रात्री २:३१

१५५४, तटरक्षक दल. फोनवरच्या आवाजाने कुठे आहात, किती माणसं, जॅकेट घातलंय का, पाणी आत येतंय का, एवढंच विचारलं. जॅकेट घातलं नव्हतं. घातलं. दुसरा फोन नाखव्यांना. पहिल्याच घंटीला उचलला. ते हसले नाहीत.

पहाटे ४:००

होडी डावीकडे कलंडली. सुकाणूशेजारी तळाला हाताच्या पंजाएवढी चीर, तिच्यातून पाणी आत येण्याऐवजी बाहेर गळत होतं. आम्ही खडकावर उतरलो. शिंपल्यांनी त्याचे तळपाय आणि माझा गुडघा कापला. एका गोधडीत दोघं बसलो. कुणी काही बोललं नाही. त्याने एकदा "थंडी वाजतेय का?" विचारलं, मी "नाही" म्हटलं, आणि ते खोटं होतं हे दोघांनाही माहीत होतं.

सकाळी ६:१०

नाखव्यांचा पुतण्या आणि आणखी दोघं मचवा घेऊन आले. उजाडत होतं. मचव्यात कडेला एक जाळं पडलेलं, त्याचा हिरवा दोर सुरीने कापलेला. पुतण्याने तो पायाने बाजूला सारला आणि आम्हाला बसायला जागा केली. नवरा त्या दोराकडे पाहत राहिला. पैसे द्यायचं बोलणं किनाऱ्यावर झालं. मुलगा आधी नाही म्हणाला, मग हो.

सकाळी ७:३०

पूर्ण ओहोटी. नाखवा स्वतः आले होते, मुंबईहून पहिली गाडी पकडून. आमच्या होडीजवळ पाणीच उरलं नव्हतं. खडकांच्या पायथ्याशी, गुडघाभर पाण्यात आमचा नांगर पडला होता, दोराला आमची गाठ तशीच. नाखव्यांनी नांगर उचलून खडकावर ठेवला. मग जुना दोर हातात घेतला आणि दोन्ही हात पसरून छातीपाशी मोजायला लागले, कोळी मोजतात तसं, वावाने. एक. दोन. तीन. आम्ही खडकावर उभे होतो, शाळेतल्या पोरांसारखे. सात. आठ. गाठीपाशी येऊन थांबले.

मग गाठीच्या पलीकडचा नवा दोर हातात घेतला. कोरा, पांढरा, वर अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. तो त्यांनी मोजला नाही. नीट गुंडाळून माझ्या हातात दिला.

"कुठं होता ह्यो?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

"बाकाखाली," तो म्हणाला. "मीच ठेवला होता."